नाव कोणाच्या वहीत

नाशिकहून त्र्यंबकला जाणारा रस्ता सातपूरमधून जातो. एका टोकाला रामकुंड, दुसऱ्या टोकाला कुशावर्त, आणि मध्ये हे एकेकाळचे शेतीचे गाव. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, पुढे सातपूरची वसाहत उभी राहिली, मायको (आजची बॉश), सीएट, महिंद्र असे कारखाने आले आणि त्यांच्या पाठोपाठ माणसे आली. जिल्ह्यातल्याच कसमादे पट्ट्यातून, धुळे-जळगावकडून, मराठवाड्यातून आणि नंतर उत्तर प्रदेश-बिहारमधूनही आली. १९८२ साली नाशिकची महानगरपालिका झाली आणि सातपूर तिचा भाग बनले. श्रमिकनगर, कामगारनगर, अशोकनगर या वस्त्यांत ज्याला विचारावे तो मूळचा दुसरीकडचा. अशा माणसाची ओळख कारखान्याच्या हजेरीपटावर असते, रेशनकार्डावर असते, मतदारयादीत असते, आणि या सगळ्या नोंदी तो इथे आल्यानंतरच्या आहेत. पण यांतल्या कितीतरी घराण्यांची नावे त्यांचा पहिला माणूस कामाच्या शोधात इथे उतरण्याच्या शंभर-दीडशे वर्षे आधीच या रस्त्याच्या दोन्ही टोकांना लिहून ठेवलेली होती. कळवण किंवा पारोळ्याचा शेतकरी सिंहस्थाला आला, आईच्या अस्थी घेऊन आला, पौष वद्य एकादशीला निवृत्तिनाथांच्या यात्रेला आला, की तीर्थोपाध्याय त्याचे नाव नामावळीत, म्हणजे आपल्या वंशावळींच्या वहीत, लिहून घेत.

माणसांची माहिती एकमेकांशी जोडायची आणि त्या जोडणीतून नात्यांचे जाळे धुंडाळायचे, ही कल्पना इंटरनेटबरोबर जन्मली असे सर्रास समजले जाते. नाशिक-त्र्यंबकच्या नामावळ्या पाहिल्या तर ते पटत नाही. इथे हे काम कागदावर, अनेक घरांत विखुरलेल्या वह्यांतून, कोणत्याही मध्यवर्ती कचेरीशिवाय पिढ्यानपिढ्या चालत आले आहे. या इतिहासाकडे केवळ कौतुकाने पाहून भागणार नाही, कारण आजच्या एका खऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. वेबवर असेच विखुरलेले जाळे विणण्याचा प्रयत्न का विरला, आणि त्याच्या जागी आलेली जाळी इतकी धोकादायक का ठरली, हा तो प्रश्न. माझे म्हणणे असे की जाळे दुव्यांवर उभे राहते, पण ते ताजे राहणार की नाही आणि त्यातल्या माणसाला ते अपाय करणार की नाही, हे राखणदाराचे पोट कोणावर चालते यावर ठरते.

आधी नोंद कशी असते ते पाहू. जुन्या वह्या लांबट, बहुतेक मोडी लिपीत लिहिलेल्या; नंतरच्या देवनागरीत. नोंदीत आलेल्या माणसाचे नाव, त्याच्या बापाचे, आज्याचे, पणज्याचे; मग सख्खे भाऊ, चुलते, चुलतभाऊ, मुलगे; आईचे आणि बायकोचे नाव; मूळ गाव, तालुका, हल्ली मुक्काम; आडनाव आणि जात; येण्याचे कारण आणि मिती. शेवटी त्या माणसाची स्वतःची सही, आणि लिहिता येत नसेल तर त्याची निशाणी. पुढच्या पिढीतला माणूस आला की जुनी नोंद काढायची, वाचून दाखवायची, आणि तिला जोडून नवी लिहायची. श्राद्धात तर्पण करताना बापाकडच्या तीन पिढ्यांबरोबर आईच्या बापाकडच्या तीन पिढ्यांचीही नावे घ्यावी लागतात. म्हणून अनेक नोंदींत आजोळही येते, आणि ते आजोळ दुसऱ्या गावचे, दुसऱ्या आडनावाचे, कदाचित दुसऱ्याच गुरुजींच्या वहीतले असते. एका वहीतून दुसऱ्या वहीकडे बोट दाखवणारा दुवा तो हाच. कोणी योजना आखून तो घातलेला नाही, विधीच्या गरजेतून तो आपोआप पडत गेला.

शोधण्याची रीतही लक्ष देण्यासारखी आहे. यात्रेकरू घाटावर येतो, त्याला विचारले जाते: आडनाव काय, मूळ गाव कोणते, समाज कोणता? गावे, आडनावे आणि समाज पुरोहित घराण्यांमध्ये वाटलेले असतात, त्यामुळे एवढ्यावरून तो योग्य घराकडे पाठवला जातो. तिथे अनुक्रमणिकेवरून वही काढतात. मग खरी परीक्षा: आजोबांचे नाव सांगा. त्याने सांगितलेले नाव आणि वहीतले नाव जुळले तरच पान पुढे उलगडते. म्हणजे शोध नेहमी स्वतःपासून सुरू होतो आणि वर जातो. शोधणाऱ्याला आधी स्वतःबद्दल काही ठाऊक असावे लागते आणि ते समोर बसून सांगावे लागते. ‘अमुक तालुक्यातल्या सगळ्या विधवांची नावे काढा’ असा प्रश्न या वहीला विचारता येत नाही. निदान तो विचारायला आयुष्य खर्ची घालावे लागेल. ज्याला आपण साधनाची मर्यादा म्हणतो तीच इथे माणसाचे संरक्षण होती, आणि हे पुढच्या सगळ्या चर्चेत ध्यानात ठेवावे लागेल.

वह्या ताज्या राहिल्या त्या कशामुळे? येण्याला कारण होते म्हणून. जन्म, लग्न, मृत्यू यांची बातमी कोणी मुद्दाम कळवायला जात नाही. पण अस्थी विसर्जनाला जावेच लागते, सिंहस्थ बारा वर्षांनी येतोच. १८६५ साली थळ घाटातून रेल्वे चढली आणि मुंबई-कोकणाकडच्या माणसाला नाशिक जवळ आले. यात्रेकरू वाढले तसे लेखनही वाढले. दुसरे कारण राखणदाराचे. गुरुजींच्या घरात वही ही वृत्ती, म्हणजे वंशपरंपरेने चालणारा उपजीविकेचा हक्क, होती. भावाभावांत जमिनीसारखी तिची वाटणी होई. एकोणिसाव्या शतकात मुंबई उच्च न्यायालयानेही वंशपरंपरेने चालत आलेल्या पुरोहिताच्या वृत्तीला स्थावर मालमत्तेचे स्थान दिले. वाळवीपासून, पुरापासून, शेजारच्या प्रतिस्पर्ध्यापासून वही राखायची ती एवढ्यासाठी की उद्या यजमानाचा नातू आला आणि पान सापडले नाही, तर तो दुसऱ्या दारी जाईल. वहीचा मोबदला देणारा आणि वहीत नाव असणारा, हे दोघे एकच. या साध्या व्यवहाराचे वजन मोठे आहे.

वहीच्या खरेपणाची कसोटी कायद्यानेही घेतली आहे. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात कलम ३२ चे पाचवे पोटकलम होते: नात्याविषयी ज्याला खास माहिती असण्याचे कारण होते अशा, आता हयात नसलेल्या माणसाचे विधान पुराव्यात घेता येते, मात्र ते वाद उत्पन्न होण्याच्या आधी केलेले असले पाहिजे. तीर्थोपाध्यायांच्या वह्या वारसाहक्काच्या दाव्यांत पुढे आल्या त्या याच वाटेने. न्यायालयांनी त्या डोळे झाकून मान्य केल्या नाहीत. शाई, हस्ताक्षर, मागून घुसडलेली ओळ, सगळे तपासले. पण वादाआधीची नोंद ही अट फार अर्थपूर्ण आहे. ज्या कामासाठी माहिती गोळा झाली ते काम दुसरेच होते, म्हणूनच तिच्यावर विश्वास ठेवता येतो. उद्या मिळणाऱ्या लाभावर डोळा ठेवून लिहिलेल्या माहितीत ही किंमत राहत नाही.

आता जगाकडे वळू. २००० साली डॅन ब्रिकली आणि लिबी मिलर यांनी ‘फ्रेंड ऑफ अ फ्रेंड’, म्हणजे मित्राचा मित्र, या नावाचा प्रकल्प सुरू केला. त्याचे लघुरूप फोफ. कल्पना नामावळीच्या फार जवळची होती. प्रत्येकाने आपल्या स्वतःच्या संकेतस्थळावर एक फाईल ठेवायची. तिच्यात आपले नाव, पान, छायाचित्र, आवडी, आणि आपण कोणाकोणाला ओळखतो ती यादी. यादीतल्या प्रत्येकाच्या फाईलचा पत्ताही द्यायचा. मग एखादा प्रोग्रॅम एका फाईलवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर जात राहील आणि अख्खे जाळे उलगडून दाखवेल. अशी साधने तयारही झाली: कोणी मजकुराच्या पानांतून एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेत, कोणी ठिपके आणि रेघा काढून नकाशा दाखवत. मालक कोणीच नाही, मध्यवर्ती भांडार नाही. एकाच नावाच्या दोन माणसांत घोळ होऊ नये म्हणून ईमेलचा आधार घेतला, आणि तो उघडा पडू नये म्हणून गणिताने त्याची चाळीस चिन्हांची एक माळ करून तीच फाईलमध्ये ठेवली. दोन फायलींत तीच माळ दिसली की माणूस एकच. नामावळीत आजोबांचे नाव जे काम करते तेच काम ही माळ करत होती. फरक एवढा की तुमचा ईमेल ज्याला ठाऊक आहे किंवा ज्याने अंदाजाने ताडला, तो घरबसल्या तीच माळ बनवून तुम्हाला सगळीकडे हुडकू शकत होता. त्याला तुमच्यासमोर बसावे लागत नव्हते.

फोफ विरले ते तंत्र फसल्यामुळे नव्हे. दुवे चालत होते, साधने चालत होती. २००६ साली टिम बर्नर्स-ली यांनी जोडलेल्या माहितीची तत्त्वे मांडली, २००८ साली गुगलने अशाच उघड्या दुव्यांवर चालणारी एक सेवा सुरू केली आणि २०१२ मध्ये ती बंद करून टाकली. पण फाईल लिहून ठेवली की पुन्हा तिच्याकडे वळण्याचे कारणच कोणाला नव्हते. नोकरी बदलली, मैत्री तुटली, माणूस गेला, तरी फाईल तशीच. लाइव्हजर्नलसारख्या संस्थळांवर या फायली यंत्रच तयार करत असे, सदस्याला त्याची जाणीवही नसे. त्यात सिंहस्थ नव्हता आणि अस्थी विसर्जनही नव्हते. फाईल अद्ययावत ठेवण्यावर कोणाची चूल पेटत नव्हती. विखुरलेपणा नामावळीतही होता, पण तिथे प्रत्येक तुकड्याला धनी होता. इथे तुकडे होते आणि धनी नव्हता.

मग धनी आले. ऑर्कुट २००४ मध्ये सुरू झाले आणि भारतात घरोघरी पोचले. ते २०१४ मध्ये बंद झाले तोवर फेसबुकने जागा घेतली होती. नोंद ताजी ठेवण्याचे कारण त्यांनी रोज, तासातासाला निर्माण केले, आणि राखणदाराला भरपूर मोबदला मिळू लागला. पण तो मोबदला देणारा जाहिरातदार होता, वहीत नाव असलेला माणूस नव्हता. इथे सगळे उलटले. २०१३ मध्ये फेसबुकने जाळ्याला वाटेल त्या बाजूने प्रश्न विचारण्याचे साधन आणले: अमुक गावात राहणारे, तमुक कंपनीत काम करणारे, अमुक गोष्ट आवडणारे. आणि २०१८ मध्ये केंब्रिज ॲनालिटिकाचे प्रकरण उघडकीस आले तेव्हा दुव्याची खरी ताकद दिसली: एक प्रश्नमंजुषा सुमारे पावणेतीन लाख लोकांनी वापरली आणि फेसबुकच्याच हिशेबाने ८ कोटी ७० लाखांपर्यंत माणसांची माहिती त्यातून बाहेर गेली असावी. यांतल्या बहुतेकांनी काहीही केले नव्हते. त्यांच्या एखाद्या मित्राने ती वापरली होती, एवढेच.

यावर पहिला आक्षेप असा येईल की तीर्थोपाध्यायांना मी फारच सोवळे करून दाखवतो आहे. यजमानावरून घाटावर होणारी ओढाताण, दक्षिणेचा आग्रह, दुःखात असलेल्या माणसाच्या भाबडेपणाचा फायदा या गोष्टी महाराष्ट्राला नव्या नाहीत, आणि सुधारकांनी त्यांवर केलेली टीका खरी होती. ती मान्य करूनही मुद्दा उभा राहतो. मी सद्गुणांबद्दल बोलत नाही, रचनेबद्दल बोलतो आहे. लोभी गुरुजींचाही लोभ यजमान परत येण्यावर अवलंबून होता. त्याचे पान तिसऱ्याला विकून त्यांना काही मिळणार नव्हते, कारण त्या काळी ते पान विकत घेणारा बाजारच नव्हता. बाजार नसणे हे पुण्य नव्हे, हे खरे. म्हणूनच बाजार आला की काय होईल हा प्रश्न आज विचारावा लागतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याला सहज उत्तर नाही. रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो पुढे वर्षानुवर्षे चालवला, आणि १९३५ मध्ये याच जिल्ह्यात येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली. ज्यांना देवळात आणि तीर्थावर मानाने पाय ठेवू दिला जात नव्हता, त्यांच्या पिढ्या या वह्यांत इतरांइतक्या ठळकपणे कशा सापडणार? अनुक्रमणिकाच गाव, आडनाव आणि जातीवर बेतलेली आहे. मुली लग्न होऊन गेल्या की त्या वहीतून पुसट होत जातात. त्या पुन्हा दिसतात त्या कोणाची तरी बायको किंवा आई म्हणून. त्यामुळे नामावळी म्हणजे समाजाचे संपूर्ण चित्र, असा दावा कोणी करू नये. सातपूरच्याच एका गल्लीत एका घराला सात पिढ्या मिळतील आणि शेजारच्या घराला आजोबांच्या वर काही मिळणार नाही, आणि हा फरक कर्तृत्वाचा नसून अन्यायाचा आहे. पण इथेही वहीचा दोष आणि आजच्या जाळ्यांचा दोष वेगळे आहेत. वहीने काहींना बाहेर ठेवले. आजची जाळी आत न आलेल्यालाही, त्याच्या मित्रांच्या फोनमधल्या संपर्कयादीवरून, आत ओढतात. पहिला अन्याय दूर करण्यासाठी दुसरा पत्करावा लागतो असे मुळीच नाही.

वही आणि आजची जाळी यांच्या मध्ये एक टप्पा आहे आणि तो मराठी माणसाच्या ओळखीचा आहे: कुलवृत्तांत. विसाव्या शतकात कुलमंडळांनी छापलेल्या या जाडजूड ग्रंथांत तीर्थोपाध्यायांच्या वह्या, देवस्थानांची कागदपत्रे आणि टपालाने पाठवलेल्या प्रश्नपत्रिका यांतून जमलेली माहिती एकत्र आली. जन्मसाल, शिक्षण, नोकरी, मुलीचे सासर, सुनेचे माहेर, पुष्कळदा राहता पत्ता आणि फोन नंबरसुद्धा. हे काम ज्यांनी केले त्यांनी निःस्वार्थीपणे आणि विलक्षण चिकाटीने केले, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण नामावळीतला समोरासमोरचा शोध इथे संपला हेही खरे. ग्रंथ विकत घेणारा कोणीही कोणाचेही पान उघडू शकत होता. छापील प्रती थोड्या आणि वाचणारे बहुतेक कुळातलेच, म्हणून फारसे बिघडले नाही.

२०२३ साली मात्र वह्यांचीच परीक्षा झाली. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानंतर कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारने सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. महसुली कागद, शाळेचे दाखले, जन्म-मृत्यूची जुनी मोडी रजिस्टरे धुंडाळली जाऊ लागली, आणि लोकांचे लक्ष त्र्यंबक-नाशिकच्या नामावळ्यांकडेही गेले. पणजोबांनी अस्थी विसर्जनाच्या दिवशी सांगितलेला एक शब्द पणतवाच्या जातीच्या दाखल्याचा आधार होऊ शकेल, अशी आशा निर्माण झाली. त्या आशेत काही गैर नाही. आपल्याच पूर्वजांची नोंद मागायला आपणच जाणे ही तर वहीची मूळ रीत. पण वहीला पहिल्यांदाच उलटा प्रश्नही विचारला जाण्याची शक्यता दिसली: ‘माझे पान दाखवा’ याऐवजी ‘अमुक जातीची सगळी पाने दाखवा’. कागदावर हे अवघड आहे. संगणकावर एका कळीचे काम आहे.

आणि संगणक आलेला आहे. काही पुरोहित घराण्यांनी नामावळ्या संगणकावर घ्यायला सुरुवात केली आहे. कागद ठिसूळ होतो, मोडी वाचणारे कमी होतात, तेव्हा हे करायलाच हवे. देशातल्या इतर तीर्थांच्या वह्या अमेरिकेतल्या युटा राज्यातील वंशावळी संस्थेने गेल्या शतकातच सूक्ष्मपटावर घेतल्या आहेत. त्यामुळे प्रती बाहेर जाणे हेही आता नवे राहिलेले नाही. कायदा इथे एक विचित्र उंबरठा आखून ठेवतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा डिजिटल रूपातल्या माहितीला लागू होतो, आणि आधी कागदावर असून नंतर डिजिटल केलेल्या माहितीलाही. म्हणजे वही कपाटात आहे तोवर ती या कायद्याच्या बाहेर, आणि तिचे छायाचित्र काढून यादी केली की आत. हयात नातवाचे नाव, गाव, जात आणि फोन नंबर ज्या पानावर आहे त्या पानाची जबाबदारी त्या क्षणी गुरुजींच्या अंगावर येते, आणि बहुतेकांना तसे कोणी सांगितलेलेही नसेल.

२०२६-२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रस्ते, घाट, वाहनतळ यांचे आराखडे होतील, ते व्हायलाच हवेत. त्याबरोबर पुरोहित संघ, विद्यापीठातले मोडीचे जाणकार आणि अभिलेखागार यांनी एकत्र बसून एक गोष्ट आताच ठरवून घ्यावी: संगणकावरची अनुक्रमणिका कशी असेल. मूळ पानाचे छायाचित्र जसेच्या तसे जपावे, त्यातला एक शब्दही गाळू नये. पण शोध गाव आणि आडनावावरूनच सुरू व्हावा, आजोबांचे नाव जुळल्याशिवाय पान उघडू नये, हयात माणसांच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात, आणि जातीवरून चाळणी लावणारा रकाना मुळात तयारच करू नये. खर्च सरकारने उचलला तरी यादीची मालकी घराण्यांकडेच राहावी. एखाद्या कंपनीने फुकट करून देतो म्हटले, तर तिचा मोबदला कोण देणार हे आधी विचारावे. सातपूरमधले कुटुंब उद्या आपल्या धाकट्याला घेऊन रामकुंडावर जाईल तेव्हा त्याचे नाव लिहिण्याआधी गुरुजींनीही सांगावे की हे नाव कुठे जाणार आहे आणि ते कोणाला दिसणार आहे.